हाकेची नोंद

जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्यात पिठाच्या गिरणीच्या माडीवर मानवी हक्कांच्या नोंदी ठेवायची कल्पना ज्या थोर माणसाची होती, तो केव्हाच संस्था सोडून पुण्याला गेला होता. मागे उरल्या रूपाताई, दोन लोखंडी कपाटं आणि पीठ. पीठ सगळीकडे होतं. कीबोर्डच्या फटींत, पंख्याच्या पात्यांवर, हार्ड डिस्कच्या डब्यांवर, रूपाताईंच्या चष्म्यावर. रोज सकाळी आल्याबरोबर त्या ओलं फडकं फिरवत आणि दुपारी खाली ज्वारीचं दळण लागलं की पुन्हा सगळं पांढरं.

त्या कपाटांत माणसांचे आवाज होते. खान्देशात गेल्या वीसेक वर्षांत ज्याला कोणी तुडवलं, कोंडलं, गावाबाहेर काढलं, त्याच्या दारी जाऊन रूपाताईंनी त्याची जबानी घेतली होती. सुरुवातीच्या कॅसेटी होत्या. त्या वाजवायला आता टेप उरला नव्हता. मग सीड्या आल्या. नव्या कॉम्प्युटरला सीडी घालायची सोयच नव्हती. पेनड्राइव्ह होते, त्यातले निम्मे उघडत नसत. माणसं न्यायाची वाट बघत म्हातारी व्हायची आणि त्यांचे आवाज ज्यात ठेवले ते यंत्र त्यांच्याही आधी भंगारात जायचं. लोक फोन करून विचारत, 'ताई, आमचं सांभाळून ठेवलंय ना?' रूपाताई 'हो' म्हणत. काम तर त्या अजूनही रेटत होत्या, पण हे 'हो' म्हणायचा त्यांना खरा शीण आला होता.

एप्रिलातल्या एका दुपारी, उन्हाने वरचा पत्रा तडतडत असताना, टपालाने एक पाकीट आलं. उखर्डूच्या प्रकरणात पोलिसांच्या बाजूने दिलेलं उत्तर होतं आणि सोबत एक पेनड्राइव्ह. सुनावणी पुढच्याच आठवड्यात, धुळ्याला. दोन वर्षं झोपलेली यंत्रणा जागी झाली की अशीच होते, अंगावर पाणी ओतल्यासारखी.

उखर्डू हा सोनगीरच्या पलीकडच्या एका खेड्यातला. विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. लग्न झालं नव्हतं, आईजवळ राहायचा. आईची, लताबाईची, आधीची मुलं जगली नव्हती. म्हणून याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचलून आणलं आणि नावही तेच ठेवलं, म्हणजे कोणाची नजर जायला नको. बरीच वर्षं त्या नावाने काम केलं. मग गावात विहिरीवरची केबल चोरीला गेली. हायवेवरच्या एका चौकीतले शिपाई जीप घेऊन आले, भर संध्याकाळी टपरीसमोर उखर्डूला काठ्यांनी मारलं आणि घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी मिळालं ते प्रेत. छातीत कळ आली म्हणाले. केबल पुढे दुसऱ्याच कोणाकडे सापडली, त्याबद्दल कोणी काही म्हणालं नाही.

मार सगळ्या गावाने पाहिला होता, आणि उखर्डूचा चुलतभाऊ स्वप्नील याने तो धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, उभं राहून मोबाईलमध्ये घेतला होता. मानवी हक्क आयोगाकडची तक्रार रूपाताईंनीच लिहिली, तीत 'घटनेचे चित्रीकरण उपलब्ध आहे' असं ठणकावून लिहिलं. मूळ फोनातलंच चित्रीकरण ग्राह्य धरतात, ते तिथंच राहू दे, असं ओळखीच्या एका वकिलांनी सांगितलं होतं. रूपाताई अधूनमधून फोन करून खात्री करायच्या आणि स्वप्नील अहिराणीत 'आहे ना' म्हणायचा, "शे ना ताई, मनाकडे शे."

त्यांनी पेनड्राइव्ह लावला. एकच व्हिडिओ होता. सुरू झाला आणि रूपाताईंनी कपाळाला हात लावला.

आधी फुलांच्या पाकळ्या पडल्या. मग वाघाचं तोंड आलं, वाघाने डरकाळी फोडली आणि खाली सोनेरी अक्षरं उमटली, 'भावपूर्ण श्रद्धांजली. पुन्हा जन्म घे भावा.' मागे बासरी. आणि मग, हळूहळू, एका एका पावलावर रेंगाळत, पाठमोरा उखर्डू जीपकडे चालत जाताना दिसला. ताठ चालत होता. कोणी हात लावत नव्हतं. तो आपणहून जीपमध्ये चढला, पुन्हा पाकळ्या पडल्या, संपलं.

हा व्हिडिओ उखर्डूच्या गंधमुक्तीला, म्हणजे तेराव्याला, गावातल्या पोरांनी केलेला. सगळ्यांनी तो स्टेटसला ठेवला होता. खान्देशात आता कोणी गेलं की हार घालायच्या आधी व्हिडिओ होतो. पोरांनी मार कापून टाकला होता, कारण वाघ मार खात नाही. मार संपल्यावर उखर्डू उठला, कपडे झटकले आणि स्वतःच्या पायांनी चालत गेला, तेवढाच तुकडा त्यांनी प्रेमाने उचलला आणि त्यावर बासरी चढवली. तोच तुकडा आता पोलिसांनी दाखल केला होता. उत्तरात लिहिलं होतं, 'सदर इसम स्वतःच्या पायांनी चालत वाहनात बसला असून कोणतीही मारहाण झाली नाही, हे मयताच्या नातेवाइकांनीच प्रसारित केलेल्या चित्रफितीवरून स्पष्ट होते.'

रूपाताईंनी स्वप्नीलला फोन लावला. तो मूळ फोन घेऊन सुनावणीला ये, असं सांगितलं.

"ताई, खरं सांगू का? नही शे. पुसी टाकेल शे."

"पुसलं? कोणी सांगितलं?"

"मोठी मायनी."

मोठी माय म्हणजे लताबाई. उखर्डूची आई. तक्रारदार.

रूपाताई रागावल्या नाहीत. रागवायलाही अंगात जोर लागतो. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळची धुळ्याची गाडी पकडली.

धुळ्याहून सोनगीर आणि सोनगीरहून रिक्षा. लताबाई ओट्यावर तूर पाखडत बसल्या होत्या. साठीच्या पुढची, काटकुळी बाई. रूपाताईंना बघून उठल्या, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, मग पुन्हा सूप हातात घेतलं. स्वप्नील दाराला टेकून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभा होता. बाप्या गडी, पण चेहरा शाळेत पकडल्यासारखा.

"लताबाई, मला दोन वर्षांत एकदा तरी सांगायचं होतंत," रूपाताई म्हणाल्या.

लताबाईंनी सुपातला खडा वेचून बाजूला टाकला.

"लाज वाटनी ताई. तुम्ही तठून उन्हातान्हात येवात, लिखी लेवात, मी कसं सांगू?" मग म्हणाल्या, "गल्लीमा पोरे पोलिस-पोलिस खेळेत. एक जन खाले पडे नि 'माय वं, माय वं' करे. बठ्ठा हासेत. मना पोऱ्याना मरनना खेळ मांडा व्हता त्यास्नी."

त्या खेळाची हकीकत स्वप्नीलने सांगितली. व्हिडिओ पहिल्याच दिवशी गावभर गेला होता. मार खाताना उखर्डू आईला हाका मारत होता आणि त्या हाका गल्लीतल्या प्रत्येक फोनमधून निघत होत्या. चहाच्या टपरीवर, पारावर, जेवताना. कोणी हळहळत ऐकायचं, कोणी नुसतंच ऐकायचं. लहान पोरांनी त्याचा खेळ केला. लताबाईंनी स्वतः तो व्हिडिओ कधी बघितला नव्हता. एक दिवस त्या उठल्या आणि घरोघर फिरल्या.

"हात जोडात. म्हनं, पुसी टाका. मना वाघसारखा पोऱ्या, त्याले मार खातांना कोन्ही देखाले नको."

आणि गावाने ऐकलं. एरवी गावाला पाण्याची टाकी धुवा म्हणून चार वेळा सांगावं लागतं, पण हे काम लोकांनी एका दिवसात चोख केलं. म्हाताऱ्यांनी नातवंडांकडून पुसून घेतलं. स्वप्नीलने लताबाईंच्या समोर बसून पुसलं आणि नंतर तो फोनही विकून टाकला. मग रूपाताईंना काय सांगायचं म्हणून दोन वर्षं 'शे ना' म्हणत राहिला.

रूपाताईंना त्या क्षणी कोणाचीच चूक काढता येईना. आपण जन्मभर जपून ठेवा, जपून ठेवा म्हणत फिरलो. आणि पुसून टाकावंसं वाटणं किती साधं, किती माणसासारखं आहे, हे त्यांना त्या सुपाकडे बघताना वाटलं. फार थकल्यासारखं झालं त्यांना.

"तो रोज तसाच हाक मारे," लताबाई सुपाकडे बघतच म्हणाल्या. "सांजले गल्लीना तोंडेथीनच. 'माय वं!' मी चुल्हापाशीन म्हनू, 'उनू रे भाऊ, उनू.' उठू नही, नुसतं म्हनू. तेवढावर तो घर ये. त्या दिनले मी बहीनकडे धुळाले व्हतू. घर कोन्हीच नव्हतं."

उनू म्हणजे आले; रूपाताईंना तेवढी अहिराणी कळत होती. तूर सुपात उडत होती.

निघताना रूपाताईंनी सवयीने एक प्रश्न विचारला. उत्तराची आशा नव्हती. "स्वप्नील, त्या फोनला जीमेल कोणता होता?"

"माले काय मालूम? ते दुकानवालानी टाकेल व्हतं. दोंडाईचाथीन लिधा व्हता फोन."

रूपाताई दारातच थांबल्या. फोन घेणाऱ्याला ईमेल नसतो आणि फोन ईमेलशिवाय चालू होत नाही. मग दुकानदार काय करतो, हे त्यांनी बऱ्याच ठिकाणी पाहिलं होतं.

"लताबाई, माझ्याबरोबर दोंडाईच्याला येता?"

"काब्र?"

"कदाचित सगळं पुसलं गेलं नसेल."

लताबाईंनी सूप खाली ठेवलं. ही बातमी आनंदाची की भीतीची, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. त्यांनाही कळत नसावं. डोक्यावरचा पदर सारखा करून त्या चपला शोधू लागल्या.

दोंडाईच्यात स्टेशनच्या रस्त्यावर पुखराजशेठचं मोबाईलचं दुकान होतं. आधी भांड्यांचं होतं, मुलगा अमन कॉलेजातून बाहेर पडल्यावर मोबाईलचं झालं. पुखराजशेठ गल्ल्यावर बसत आणि अमन काउंटरवर फोन उघडून ठेवत असे. रूपाताईंनी विचारल्याबरोबर अमनने आधी बापाकडे आणि मग रस्त्याकडे बघितलं.

"मॅडम, आता आम्ही तसं करत नाही," तो म्हणाला. "सुरुवातीला करायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, काहीतरी टाका आणि चालू करून द्या. प्रत्येकाचा वेगळा जीमेल काढायला कुठला वेळ? मग दुकानाचाच एक होता, तो सगळ्यांना टाकून द्यायचो."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. नंतर भानगड झाली. ह्याच्या फोनमध्ये त्याच्या सासऱ्याचा नंबर उगवायला लागला. लोक भांडायला आले, तेव्हा बंद केलं."

"आणि फोटो?"

अमनने काउंटरवरचा कॉम्प्युटर रूपाताईंकडे वळवला.

अर्धा तालुका त्यात होता. हळदीने माखलेले नवरे, नवीन ट्रॅक्टरला घातलेले हार, वांग्याच्या पिकावर पडलेला रोग, सातबाऱ्याचे उतारे, शेळीचं जुळं, बाळंतिणीच्या खोलीतलं बाळ, आरशासमोर नटून स्वतःचा फोटो घेणाऱ्या बायका, दवाखान्यातली म्हातारी माणसं. कोणाला पत्ता नव्हता. सगळे आपापल्या फोनात फोटो काढत होते आणि ते सगळे मिळून पुखराजशेठच्या दुकानात येऊन पडत होते. रूपाताईंनी वीस वर्षं जपून जपून जेवढं गोळा केलं नव्हतं, तेवढं या पोराने आळसापायी गोळा केलं होतं. त्यांना हसूही आलं आणि अंगावर काटाही आला. ह्याला गुन्हा म्हणायचं की देवाची कृपा, हे ठरवायची त्यांच्यात ताकद नव्हती.

त्यांनी उखर्डूची हकीकत सांगितली, तारीख दिली. "तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळचं बघ," त्या म्हणाल्या.

अमन मागे मागे जात राहिला. लग्नसराया उलट्या सरकल्या, कापूस उगवायच्या आधीच वेचला गेला, गणपती विसर्जनाकडून स्थापनेकडे आले. आणि मग, विहिरीवरच्या एका मोटारीच्या फोटोच्या अगदी अलीकडे, तो व्हिडिओ होता. धूळ, टपरी, जीप. फोनातलं पुसलं गेलं होतं. वर, दुकानाच्या खात्यात, जाऊन पडलेलं कोणी पुसायला सांगितलंच नव्हतं.

लताबाईंनी पाठ फिरवली आणि रस्त्याकडे तोंड करून पायरीवर बसल्या. "माले नको," एवढंच म्हणाल्या.

रूपाताईंनी आणि अमनने एकेका कानात तार घालून तो पाहिला. बासरी नव्हती. वाघ नव्हता. काठ्यांचे आवाज होते, कोणीतरी शिवी दिली होती, धाब्यावर स्वप्नीलचा श्वास चढलेला ऐकू येत होता. उखर्डूचा चेहरा एकदाही दिसला नाही. धुळीत पालथा पडलेला, मग गुडघ्यांवर, मग उठलेला. आणि हाक. ती हाक सगळ्या आवाजांच्या वर होती. मग तो कपडे झटकून जीपकडे चालत गेला, ताठ, श्रद्धांजलीत होता तसाच.

रूपाताईंनी समजावून सांगितलं. नुसता व्हिडिओ देऊन चालणार नाही. कॉम्प्युटरवरचा पुरावा ज्याच्या ताब्यात होता, त्याने सही करून लिहून द्यावं लागतं की हा इथूनच काढला, यात फेरफार नाही. खातं दुकानाचं, म्हणजे सही अमनची.

आता पुखराजशेठ गल्ल्यावरून उठले. "मॅडम, तुमचं काम चांगलं आहे, मी हात जोडतो. पण चौकीवाल्यांचे फोनसुद्धा आमच्याकडेच रिपेअरला येतात. उद्या ते दुकानासमोर जीप लावतील तेव्हा तुम्ही जळगावला असाल. आणि हे बाकीचं सगळं बाहेर आलं तर? बायाबापड्यांचे फोटो माझ्या दुकानात सापडले म्हटल्यावर लोक शटर तोडतील. व्हिडिओ घ्या, आमचं नाव घेऊ नका."

त्यांचं काही चुकत नव्हतं. रूपाताईंना खोटा धीर द्यायचा कंटाळा आला होता. "जीप लागेल," त्या म्हणाल्या. "मी जळगावलाच असेन. आणि बाकीचं तुम्ही ज्याचं त्याला देऊन पुसून टाकायला हवं. ते मी सांगितलं नाही तरी करा. पण नाव नसेल तर हा व्हिडिओ म्हणजे नुसतंच सिनेमासारखं काहीतरी."

अमन कानातली तार तशीच धरून उभा होता. त्याने पायरीवर बसलेल्या लताबाईंच्या पाठीकडे पाहिलं. मोटारीचा तो फोटोही त्याने पाहिला होता. स्वप्नीलने उखर्डूला दाखवायला काढलेला असावा.

"पापा, हा आवाज मला आता झोपताना ऐकू येणार," तो म्हणाला. "सही केली तरी आणि नाही केली तरी. मॅडम, कुठे करायची?"

पुखराजशेठनी शटर अर्धं खाली ओढलं आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. अडवलं मात्र नाही.

धुळ्याला सुनावणी एका सरकारी हॉलमध्ये होती. कूलर होता, पण त्यात पाणी घातलेलं नव्हतं, त्यामुळे तो गरम वाराच जोरात फेकत होता. चौकशी अधिकारी वयस्क होते, सकाळपासून माणसं ऐकून थकलेले. एका बाजूला टायपिस्ट, समोर भिंतीवर पडदा. पोलिसांच्या बाजूचे वकील दोन फायली आणि एक पाण्याची बाटली घेऊन आले होते. अमन सही करून मागच्या खुर्चीवर बसला होता आणि सारखा दाराकडे बघत होता. स्वप्नील आला होता. लताबाई नवं लुगडं नेसून आल्या होत्या, लग्नाला निघाल्यासारख्या.

व्हिडिओ दाखवला गेला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले, दोन्ही कानांवर पदर दाबून धरला. रूपाताईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

वकिलांची तयारी चांगली होती. चित्रफीत अखंड आहे, हे त्यांना नाकारता येईना. त्यांनी आवाज धरला. "साहेब, चेहरा कुठेही दिसत नाही. धुळीत पडलेला माणूस आणि नंतर जीपकडे चालत गेलेला माणूस एकच, हे सांगता येत नाही. मारहाणीचा सगळा परिणाम त्या हाकेमुळे होतो, आणि आवाज काय, आजकाल मोबाईलवर मेलेल्या माणसाचाही काढता येतो. कोणालाही, काहीही बोलायला लावता येतं. हा आवाज मागाहून चढवलेला आहे असं आमचं म्हणणं आहे. याच कुटुंबाने आधी बासरी चढवली होती, हे विसरू नये."

हॉलमध्ये कोणीतरी हसलं. रूपाताईंना त्या वकिलाचा राग आला, आणि त्याहून जास्त राग याचा की तो म्हणत होता ते अगदीच अशक्य नव्हतं. वीस वर्षं त्या आवाज सांभाळत आल्या आणि आता कोणताच आवाज खरा मानायचं कारण उरलं नाही.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तक्रारदार आई आहे ना? बाई, तुम्हाला आवाज ऐकावा लागेल. हा तुमच्या मुलाचा आहे की नाही, एवढंच सांगायचं. ऐकाल?"

लताबाईंनी रूपाताईंकडे पाहिलं. ज्या गोष्टीपासून त्या दोन वर्षं पळत होत्या, जिच्यासाठी घरोघर हात जोडत फिरल्या होत्या, ती आता त्यांना सगळ्या परक्या माणसांसमोर, कान उघडे ठेवून ऐकायची होती. नाही म्हटलं असतं तर रूपाताईंनी त्यांना सरळ घरी नेलं असतं, आणि प्रकरण तिथेच संपलं असतं. लताबाईंनी हळूहळू कानांवरचा पदर काढला आणि मांडीवर हात ठेवून बसल्या.

"वाजाडा," त्या म्हणाल्या.

पुन्हा धूळ, पुन्हा काठ्या. मग ती हाक आली.

"माय वं!"

"उनू रे भाऊ, उनू!"

लताबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांना कळलंही नव्हतं. आवाज मोठा नव्हता, रडवेला नव्हता. चुलीपाशी बसलेली बाई दारातून येणाऱ्याला सांगते तेवढाच होता. एक पाऊल त्यांनी पडद्याकडे टाकलंही होतं. मग समोर हॉल आहे, खुर्च्या आहेत, माणसं बघतायत, हे ध्यानात येऊन त्या ओशाळल्या आणि पदराने तोंड झाकून मटकन खाली बसल्या.

"माफ करा साहेब," पदरातून म्हणाल्या. "त्यानी हाक मारी म्हनीसन."

पोलिसांच्या वकिलांनी पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच पुन्हा बंद केली. टायपिस्टची बोटं हवेतच थांबली होती.

"सर, काय लिहू?" त्याने विचारलं.

अधिकाऱ्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"झालं तेच लिहा. आवाज ऐकवल्यावर आईने ओ दिली."

कळा खडखडल्या. वकिलांनी हरकत नोंदवली, तीही लिहिली गेली. मग पुढची तारीख मिळाली, पावसाळ्यातली. निकाल काय लागेल, लागेल की नाही, हे तिथल्या कोणालाच सांगता आलं नसतं.

स्टँडवर सोनगीरकडची गाडी लागली होती. स्वप्नील जागा धरायला आधी चढला. लताबाईंनी बाहेरच्या नळावर तोंड धुतलं होतं. नव्या लुगड्याचा पदर ओला झाला होता.

"ताई, ते तुमना कपाटमा ठेवशात ना?"

रूपाताईंच्या तोंडात नेहमीचं 'हो' आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "लताबाई, खोटं नाही सांगत. माझी यंत्रं टिकत नाहीत. कपाटातले किती आवाज मीच आता ऐकू शकत नाही."

लताबाईंना यात काही अवघड वाटलेलं दिसलं नाही.

"मंग दुसरामा ठेवा. ते बिघडनं का तिसरामा. मी शे तोपर्यंत इचारत ऱ्हासू."

कंडक्टरने घंटी मारली. त्या चढल्या, खिडकीशी बसल्या आणि गाडी हलता हलता खिडकीतून वाकून म्हणाल्या, "आनि आवाज बी ठेवा. मी पुस म्हनं तरी पुसू नका."

"हो," रूपाताई म्हणाल्या.

गाडी धुरळा उडवत बाहेर पडली. जळगावची गाडी लागायला अवकाश होता. रूपाताई बाकावर बसल्या, चष्मा काढून पदराने पुसला आणि मग येणाऱ्याजाणाऱ्यांची लाज न बाळगता तिथेच बसून रडल्या.